तिलापियाला मातीचा वास का येतो? आणि तो करायचा कसा?

देवगडकरीण

नमस्कार मंडळी. माझं माहेर देवगडचं. गेली अकरा वर्षं मुक्काम अमेरिकेत, ओहायोत, समुद्रापासून पार लांब. सुरमई-पापलेट इथल्या देशी दुकानात गोठवलेलं मिळतं, पण महाग आणि चवीला मेलेलं. म्हणून हल्ली जवळच्या दुकानातून तिलापियाचे काटे काढलेले तुकडे आणायला लागले. परवडतात, आणि लेक (वय ९) न कुरकुरता खाते.

परवा आईच्या पद्धतीने कालवण केलं. ओलं खोबरं, बेडगी मिरच्या, धणे, तिरफळं. कोकमं संपली होती, म्हटलं एक दिवस चालेल. रस्सा सुरेख जमला होता. तुकडे सोडले, झाकण ठेवलं, दहा-बारा मिनिटांनी ढवळायला गेले तर सगळा चुरा. आणि पहिला घास घेतला तेव्हा वास आला तो मातीचा. पहिल्या पावसात अंगणाला सुटतो ना, अगदी तोच. अंगणात तो आला की जीव वेडावतो, पण ताटात आला तर घास गिळवत नाही.

लेकीने विचारलं, "आई, हा मासा चिखलात राहतो का?" मला सांगता आलं नाही. आमच्या घरात गोड्या पाण्यातला मासा कधी शिजलाच नाही. हा मासा मूळचा कुठला, त्याला हा वास का, आणि त्याचा चुरा होऊ नये म्हणून काय करायचं, कुणाला ठाऊक असेल तर सविस्तर लिहा. लेकही वाचायला बसणार आहे, मी तिला वाचून दाखवीन.

रस्सेदार

चुऱ्याचं आधी सांगतो. मीही बरीच वर्षं हेच तुकडे वापरतोय.

आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. हवा काढून बंद केलेलं पाकीट असेल तर ते आधी फोडायचं आणि मासा डब्यात काढून ठेवायचा. बंद पाकिटात हवा नसताना वाढणारे घातक जंतू असू शकतात, त्यामुळे हे विसरू नका. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये बर्फ उतरवला की कडा शिजतात आणि मध्ये दगड राहतो. सकाळी तुकडे कागदी रुमालावर पसरून दोन्ही बाजूंनी दाबून कोरडे करायचे. पाकिटावर फॉस्फेट लिहिलेलं असेल तर पाणी जास्तच सुटणार, कारण मासा पाणी धरून ठेवावा म्हणूनच ते घालतात. शक्यतो घटकांत नुसता मासा लिहिलेलं पाकीट घ्या.

रस्सा पूर्ण उकळून, मीठ-आंबट चाखून तयार झाला की मगच तुकडे सोडायचे. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. चमचा अजिबात घालायचा नाही, फडक्याने पातेल्याचे कान धरून गोल हलवायचं. हा बांगडा नाही, दहा मिनिटं याला फार होतात.

भीमाकाठ

ताई, तिलापिया म्हणजे आमची चिलापी!

मी इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या पाण्याकडंचा. आमच्याकडं माशाचं नाव निघालं की रोहू, कटला, मरळ आणि चिलापी. त्यातली चिलापी रोजची. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला उतरून कुठल्याही खानावळीत बसा, तळलेली अख्खी चिलापी, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी समोर येते. पहाटे भिगवणच्या बाजारात लिलाव होतो, क्रेटच्या क्रेट बर्फात भरून पुण्याकडं जातात.

तुमच्या लेकीला सांगा, चिलापी चिखलात राहत नाही, पण घर मात्र चिखलात करते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या काठावर परातीएवढे गोल गोल खड्डे दिसतात, एकाला लागून एक, कुणी मुद्दाम कोरल्यासारखे. नर तोंडानं माती उचलून उचलून ते करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती सगळी तोंडात घेते. पिल्लं निघेपर्यंत आणि निघाल्यावरही काही दिवस ती तोंडातच. तेवढे दिवस ती जवळजवळ उपाशी असते.

लहानपणी चुलत्याबरोबर जाळं काढायला गेलो होतो. एक मादी हातात आली, गाल फुगलेले. चुलत्यानं तिचं तोंड खाली करून पाण्यावर धरलं तर मोहरीएवढे डोळे असलेली पिल्लं भुरुभुरु पाण्यात पडली. त्यानं तिलाही सोडून दिलं. थोडा वेळ ती पिल्लं एकाच जागी घोळक्यानं फिरत राहिली, मग ती आली, तोंड उघडलं आणि सगळी आत. मी तेव्हा तुमच्या लेकीएवढाच असेन. अजून डोळ्यासमोर आहे.

देवगडकरीण

भीमाकाठ दादा, लेकीला वाचून दाखवलं. तिने "मोहरीएवढे डोळे" दोनदा वाचायला लावलं आणि आता वहीत चित्र काढतेय. भिगवणवरून मी सोलापूरला जाताना कितीतरी वेळा गेले असेन, रोहित पक्षी बघायला एकदा मुद्दाम उतरलेही होते. मासा मात्र तिथे कधी खाल्ला नाही.

रसायनी

मातीच्या वासाबद्दल लिहिते, हा माझ्या कामाच्या जवळचा विषय आहे.

देवगडकरीण, तुमचं नाक अचूक आहे. पहिल्या पावसाचा वास आणि तुमच्या ताटातला वास एकाच पदार्थाचा, त्याचं नाव जिऑस्मिन. मातीतले काही जिवाणू तो तयार करतात, आणि साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ (तेही खरं तर जिवाणूच) तोच पदार्थ बनवतं. त्याच्या जोडीला मिथाइल आयसोबोर्निऑल नावाचा आणखी एक असतो, त्याला कुबट, बुरशीसारखा वास. बीटाला जो मातकट वास येतो तोही जिऑस्मिनचाच. माणसाचं नाक या पदार्थाला विलक्षण तिखट आहे, एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो.

म्हणजे वास माशाचा नसून पाण्याचा असतो. मासा पाण्यातून कल्ल्यांवाटे हा पदार्थ आत घेतो आणि तो चरबीत साठतो. तिलापियाच्या तुकड्याच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, जी लालसर-तपकिरी पट्टी दिसते तिच्यात चरबी जास्त, म्हणून वासही तिथेच जास्त. धारदार सुरीने तिरका छेद घेऊन ती पट्टी काढून टाका, निम्मं काम होतं. अमेरिकेत काही पाकिटांतली पट्टी फार लालभडक दिसते, ती कार्बन मोनॉक्साइडची प्रक्रिया करून तशी राखलेली असते. त्या रंगावरून ताजेपणा ठरवू नका.

दुसरी गोष्ट आंबटाची. जिऑस्मिन आम्लात टिकत नाही, त्याचं रूप बदलतं आणि वास मावळतो. तुमची कोकमं संपली होती, तिथेच गणित चुकलं. आपल्याकडे माशाला लिंबू, चिंच, कोकम, ताक, कैरी काही ना काही लावतातच. त्यामागचं हे एक कारण मला कळलं तेव्हा मला माझ्या आजीचा फार अभिमान वाटला होता.

खवय्या_साताऱ्याचा

रसायनी, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

वैनगंगा

आमच्या भंडारा-गोंदियाकडे घरोघरी तलावाचाच मासा. माजी मालगुजारी तलावांचा मुलूख आमचा, समुद्र बघितला तोच मी मुंबईला नोकरीला लागल्यावर. तेव्हा एक प्रेमाने सांगते. गोड्या पाण्यातल्या माशाला नारळाचं ओलं वाटप घातलं की त्याची चव दबते आणि वास वर येतो. त्याला भाजलेला मसाला लागतो. सुकं खोबरं, कांदा, थोडी खसखस, धणे, लाल मिरची तव्यावर गडद होईस्तोवर भाजायचं. पाट्यावर वाटलं तर उत्तम, मिक्सरवर वाटलं तरी चालतं. लसूण भरपूर, आल्याला हात आखडता. जवसाच्या तेलात फोडणी देणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, पण शेंगदाण्याचं तेल चालतं. चिंचेचा कोळ मसाला परतल्यावर, पाण्याच्या आधी, म्हणजे आंबट मसाल्यात मुरतं. वरून सांभार.

आणि रस्सा सकाळी केला तर संध्याकाळी खा. मासा तेवढ्या वेळात मसाला पितो.

देवगडकरीण

वैनगंगा ताई, सांभार म्हणजे कोथिंबीर ना? ओल्या खोबऱ्याशिवाय माशाचं कालवण करायचं हे माझ्या हाताला जड जाणार, पण करून बघते.

वैनगंगा

हो, कोथिंबीरच. आणि नारळ सोडवत नसेल तर ओल्या खोबऱ्याला तव्यावर चांगलं लाल करून घ्या. कच्चं मात्र नको.

लिंबूमिरची

या धाग्यावर मलाही लिहू द्या. मी इस्राएलमधून लिहिते, रामले शहरातून. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोळ रेवदंड्याचं. आईबाप साठच्या दशकात इकडे आले. घरात मराठी अजून आहे. माझी नातवंडं समजतात, बोलत नाहीत.

आमच्या धर्मात पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो. कोळंबी, कालवं, मुशी चालत नाही. तेव्हा इकडे आल्यावर आईने बाजारात पहिली कसोटी हीच लावली, आणि हा मासा तिला पसंत पडला. इथे याला अमनून म्हणतात. अरबी शेजारी मुश्त म्हणतात, मुश्त म्हणजे फणी, पाठीवरचा पर बघा तसाच दिसतो. गालील सरोवरात तो मुळातला आहे, आणि बाजारात येतो तो बहुतेक किबुत्झांच्या (इथल्या सामूहिक शेतवसाहतींच्या) तळ्यांत वाढवलेला. ख्रिस्ती यात्रेकरू त्याला संत पेत्राचा मासा म्हणतात. बायबलात पेत्राला माशाच्या तोंडात नाणं सापडल्याची गोष्ट आहे, ती या माशाला जोडतात. भीमाकाठ यांनी तोंडातल्या पिल्लांचं लिहिलंय ते वाचून मला तीच गोष्ट आठवली.

आई अख्खा मासा आणायची. खवले काढून दोन्ही अंगांना तीन-तीन तिरके काप, त्यांत मीठ, हळद, लिंबाचा रस, पंधरा मिनिटं. तेवढ्यात कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरं, ओलं खोबरं यांचं हिरवं वाटण. ते कापांत दाबून भरायचं, पोटात भरायचं, आणि पसरट पातेल्यात थोड्या तेलावर, वर नारळाचं पातळ दूध ओतून झाकण. आमच्यात मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून नारळाचं दूध आमच्या सगळ्या रांधण्यात आहे, तेच माशालाही. शेवटी लिंबू पुन्हा एकदा. शुक्रवारी दुपारी करून ठेवायचं, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गार झालेलं खायचं. गार चांगलं लागतं, वास येत नाही.

वैनगंगाबाई, तुमचं म्हणणं मान्य, पण हिरव्या मिरचीचं आणि लिंबाचं वाटण असेल तर ओलं खोबरं चालतं हो. आमच्या घरी पन्नासावर वर्षं चाललंय.

वैनगंगा

तुमच्या रीतीने मी येत्या रविवारी करणार. पन्नास वर्षांच्या हातापुढे माझं काही म्हणणं नाही.

शेततळ्यावरून

मी तिलापिया पाळतो, प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात. काही गोष्टी स्पष्ट व्हाव्यात म्हणून लिहितो, कारण या माशाबद्दल गैरसमज फार.

भारतात दोन वेगळ्या तिलापिया आहेत. १९५२ साली आणली ती मोझांबिकची. काळपट, लवकर वयात येणारी, दोन-तीन महिन्यांत अंडी घालायला लागणारी. तळ्यात सोडली की थोड्याच दिवसांत तळं बोटभर माशांनी भरतं आणि एकही मोठा होत नाही. दुसरी नाईलची, ती १९७०च्या दशकात आली. तिच्या शेपटीवर उभ्या बारीक रेघा असतात, ओळखायची खूण तीच. या नाईलच्या तिलापियापासून १९८८ पासून फिलिपिन्समध्ये निवड पद्धतीने सुधारलेली जात तयार केली, ती गिफ्ट तिलापिया. आफ्रिकेतून इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथले मासे आणि आशियातल्या तळ्यांतले मासे एकत्र करून, दर पिढीत चांगले वाढणारे निवडत नेले. यात जनुकं बदललेली नाहीत. आपण जसं चांगलं कणीस बियाण्याला ठेवतो, तसंच हे काम. माझ्याकडे हीच आहे.

नर मादीपेक्षा भराभर वाढतो, आणि नुसते नर असले की पैदास होत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी पिल्लं खायला लागल्यापासून तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य देऊन सगळे नर करतात. लोक इथे घाबरतात. पण ते देतात तेव्हा पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं, नंतर सहा महिने तो मासा साधं खाद्य खात वाढतो, आणि ते संप्रेरक काही दिवसांत अंगातून निघून जातं. विकायच्या माशात ते राहत नाही.

मला स्वतःला फटका बसला तो बीजाचा. पहिल्या वर्षी एका बीजकेंद्राने एकलिंगी (नुसते नर) म्हणून नर-माद्या मिश्र बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दिली. चौथ्या महिन्यात तळ्याच्या कडेला पिल्लांचे ढग दिसायला लागले तेव्हा पोटात खड्डा पडला. खाद्याचा निम्मा खर्च त्या पिल्लांनी खाल्ला आणि मोठे मासे पाव किलोवर गेलेच नाहीत. तेव्हापासून बीज घेताना परवाना आणि कागद बघितल्याशिवाय गाडी भरत नाही. गिफ्ट पाळायला परवानगी लागते आणि ती असायलाच हवी.

आता मातीच्या वासाचं. रसायनी म्हणतात ते शंभर टक्के खरं, आणि त्याची जबाबदारी पाळणाऱ्याची आहे. खाद्य जास्त पडलं, ते कुजलं, पाणी हिरवं झालं की मासा मातकट होणारच. मी काढणीच्या आठवडाभर आधी मासे स्वच्छ वाहत्या पाण्याच्या टाकीत हलवतो आणि खाणं बंद करतो. मासा वजनाला थोडा घटतो, म्हणून बरेच जण हे टाळतात. पण माझं गिऱ्हाईक टिकलंय ते या आठवड्यामुळे. काढायच्या आदल्या दिवशी एक मासा नुसता वाफवून, मीठसुद्धा न घालता, घरच्यांनी खाऊन बघायचा. आईने मान हलवली तर गाडी बोलवायची.

पाणथळ

शेततळ्यावरून यांचा प्रतिसाद प्रामाणिक आहे आणि आवडला. पण नाण्याची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मोझांबिकची तिलापिया भारतात आली आणि सातच वर्षांत, १९५९ मध्ये, तिच्या प्रसारावर बंदीचा निर्णय झाला, कारण धोका तेव्हाच कळला होता. पण मासा तोवर पाण्यात सुटला होता. नद्या-धरणांत तो पसरला आणि स्थानिक माशांची जागा त्याने घेतली. तो शेवाळ खातो, गाळ खातो, किडे खातो, दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो. कमी प्राणवायूत जगतो, खाऱ्या पाण्यातही तगतो. वर पिल्लं तोंडात सांभाळतो, म्हणजे त्याची पिल्लं इतरांपेक्षा जास्त जगतात. जी गोष्ट आपल्याला इतकी हृद्य वाटली, तीच भीमेतल्या लहान माशांच्या मुळावर आली आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती. घरच्या टाकीतला, शेततळ्यातला एकही तिलापिया ओढ्या-नदीत सोडू नका. शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा.

भीमाकाठ

पाणथळ साहेब, तुम्ही लिहिलंय ते आमच्या आज्याच्या तोंडून मी ऐकलंय, शास्त्राचे शब्द नव्हते एवढंच. आम्ही भोई. धरण १९८० ला पुरं झालं, त्याच्या आधी भीमा वाहती होती. आजा माशांची नावं सांगायचा, त्यातले कितीतरी मी कधी बघितले नाहीत. शिंगटा, वाम अजून मिळतात पण जाळ्याला पुरेसे लागत नाहीत. चिलापी जाळ्यात पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या लोकांनी ती काठावर फेकून दिली होती, म्हणायचे हिला कोण खाणार.

पण पुढं बाकीचा मासा कमी होत गेला तसा चिलापीवरच घर चाललं. माझं शिक्षण तिच्यावर झालंय. दोन्ही खरं आहे, साहेब. तिनं आमचे मासे घालवले आणि तिनंच आमची चूल पेटती ठेवली. मला तिला वाईट म्हणवत नाही.

आणि मातीच्या वासाचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्या चिलापीला पूर्वी इतका वास नव्हता, असं म्हातारी माणसं सांगतात. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सगळं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की काठाला हिरवी साय धरते, हात घातला तर मनगटापर्यंत हिरवा होतो. त्या दिवसांत चिलापी ताकात ठेवल्याशिवाय खाववत नाही. रसायनी ताईंनी वास पाण्याचा असतो म्हटलं, तेव्हा मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमची आई म्हणाली, हे मी तीस वर्षं सांगतेय.

पाणथळ

भीमाकाठ, तुमच्या प्रतिसादाने मला विचारात टाकलं. मी पुण्यात राहतो. माझ्या मोरीतलं पाणी तुमच्या जाळ्यापर्यंत येतं, हे मी माशांच्या जातींबद्दल लिहिताना लिहायला हवं होतं. आमच्या सोसायटीचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्र वर्षभर बंद आहे. या रविवारच्या सभेत मी ते लावून धरणार आहे.

कुतूहल

एक शंका. आमच्या कुटुंबाच्या गटावर सारखं येतं की तिलापियाला हाडं नसतात, तो कारखान्यात करतात आणि डुकराच्या मांसापेक्षा वाईट असतो. यात काही तथ्य?

आहारवही

हाडं असतात, कातडी असते, सगळं असतं. त्याच्या मांसात रोहू-कटल्यासारखे बारीक दुफाटी काटे नसतात, म्हणून मुलांना आणि वयस्कांना द्यायला सोपा, एवढंच.

डुकराच्या मांसाचं मूळ वेगळं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवलं की पाळलेल्या तिलापियात ओमेगा-३ कमी आणि ओमेगा-६ त्या मानाने जास्त. त्यावरून तिलापिया बेकनपेक्षा, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसापेक्षा, वाईट अशा बातम्या भडकल्या. पण या माशात एकूण चरबीच फार थोडी, शंभर ग्रॅम कच्च्या मांसात दोन ग्रॅमच्या आत, आणि प्रथिनं सुमारे वीस ग्रॅम. पाराही कमी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या गर्भवतींसाठीच्या यादीत तो सर्वोत्तम पर्यायांत आहे. ओमेगा-३ हवं असेल तर बांगडा, तारली खा, चिलापीकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्या रुग्णांना मी आठवड्यातून एकदा बांगडा आणि एकदा चिलापी सांगते.

कुतूहल

धन्यवाद. आजच गटावर हा प्रतिसाद चिकटवतो.

भीमाकाठ

देवगडकरीण ताई, तुमच्याकडं अख्खा मासा मिळाला तर आईची पद्धत लिहून ठेवतो.

पाठीवरच्या काट्यांना जपा, बोटात गेले तर दिवसभर ठणकतात. आधी कात्रीनं तेच कापायचे. शेपटीकडून डोक्याकडं खवले काढायचे. पोट फाडल्यावर आतून काळं कातडं दिसेल, पातळ, कागदासारखं. ते मिठानं चोळून चोळून पुरतं काढायचं. लोक हे सोडतात आणि मग कडू लागतं म्हणतात. कल्ले काढायचे, डोकं ठेवायचं. मग आंबट ताकात हळद-मीठ घालून अर्धा तास. धुऊन, पुसून, त्यावर लसणाचा ठेचा, काळा मसाला आणि चिंचेचा दाट कोळ यांचा लेप. तांदळाच्या पिठीत थोडी ज्वारीची मिसळून घोळवायचं, ज्वारीनं कुरकुरीतपणा टिकतो. लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर, एक बाजू पुरी सुटेपर्यंत हात लावायचा नाही. मासा स्वतःहून तवा सोडतो, त्याच्याआधी उलटलं तर कातडी तव्यालाच राहते.

देवगडकरीण

मंडळी, केलं!

गावातल्या चिनी दुकानात काचेच्या टाकीत जिवंत तिलापिया पोहताना दिसल्या. इतकी वर्षं त्या दुकानात जाते, टाकीजवळ कधी थांबलेच नव्हते. लेकीने शेपट्या बघितल्या आणि ओरडली, "उभ्या रेघा! नाईलच्या!" दुकानदार बघतच राहिला.

दोन मासे आणले. एक भीमाकाठ दादांच्या आईच्या पद्धतीने. काळं कातडं काढायला मला वीस मिनिटं लागली, सिंकचं पाणी शाईसारखं झालं. ताक घरात नव्हतं, दही पाण्यात घुसळून घेतलं. ज्वारीचं पीठ होतंच. तव्यावर हात आवरून थांबले आणि मासा खरोखर स्वतःहून सुटला. दुसरा लिंबूमिरची काकूंच्या हिरव्या वाटणाचा. काकू, तो मी रात्री केला आणि दुसऱ्या दिवशी गारच खाल्ला. काय सांगू. नवरा घाटावरचा, त्याने तळलेला संपवला. हिरवा मी आणि लेकीने.

मातीचा वास नाही. मी शोधत होते, शेपटीजवळ अगदी पुसट लागला, आणि आता तो कुठून येतो ते माहीत असल्यामुळे त्रास झाला नाही.

पाकिटातल्या तुकड्यांची तांबडी पट्टी कापून, चिंच घालून, वैनगंगा ताईंचा भाजलेल्या मसाल्याचा रस्सा पुढच्या आठवड्यात.

लिंबूमिरची

बाळ, वाचून डोळे भरले. माझ्या आईचं वाटण ओहायोत पोचलं. पुढच्या वेळी त्यात चार पानं पुदिन्याची घाल.

वैनगंगा

मी पण केलं, काकूंच्या रीतीने, रोहूला. घरात कुणाला आधी पटेना, मग पातेलं पुसून खाल्लं. रस्सा झाला की फोटो टाका हो, ताई.

देवगडकरीण

नक्की टाकते. भीमाकाठ दादा, डिसेंबरच्या शेवटी आम्ही भारतात येतोय. पुण्याहून देवगडला जायच्या आधी एक दिवस काढून लेकीला ते खड्डे दाखवायचेत, आणि पहाटेचा लिलाव. जमेल का?

भीमाकाठ

या की ताई! लिलाव दाखवतो, होडीतून फिरवतो, पक्षीबी आलेले असतील तोवर. फक्त खड्डे डिसेंबरात दिसायचे नाहीत, धरण भरलेलं असतं, सगळं पाण्याखाली. त्याला मे महिन्यातच यावं लागतं. पण डिसेंबरातली चिलापी चांगली लागते, पाणी भरपूर असतं. आईला सांगून ठेवलंय. ती विचारतेय, लेक तिखट खाते का?